अण्णांसोबत ओल्किलुओटो: जैतापूरला येऊ घातलेली अणुभट्टी फिनलंडमध्ये पाहिली

आमचं घर राजापूर तालुक्यात, माडबनच्या सड्यापासून चालत पाऊण तासावर. अणुऊर्जा प्रकल्पासाठी त्या भागातली ९३८ हेक्टर जमीन घेतली, त्यात आमची सतरा गुंठे गेली. मी सहा वर्षांपासून फिनलंडमध्ये, तुर्कूच्या बाजूला एका जहाजबांधणी यार्डात वेल्डिंग इन्स्पेक्टर आहे. यंदा जुलैत अण्णा पहिल्यांदा इकडे आले. त्यांना काय काय दाखवायचं याची मी यादी करून ठेवली होती. विमानतळावरून घरी येताना गाडीतच त्यांनी विचारलं, "आपल्याकडे आणणार होते ती भट्टी इथंच आहे ना? आधी ती दाखव."

म्हणून हा रिव्ह्यू ओल्किलुओटोच्या व्हिजिटर सेंटरचा. फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एउरायोकी नगरपालिकेच्या हद्दीत हे बेट आहे. बेटावर तीन अणुभट्ट्या आहेत, आणि जमिनीखाली जळालेलं अणुइंधन कायमचं पुरायची जागाही. जैतापूरला ज्या फ्रेंच बनावटीच्या सहा ईपीआर भट्ट्या बसवायचं ठरलंय, त्याच जातीची एक इथे २०२३ पासून नियमित वीज देतेय. जैतापूरबद्दल ज्याला कुणाला मत आहे, बाजूचं असो की विरोधातलं, आणि ज्याला इकडे यायची संधी आहे, त्याने एक दिवस इथे घालवावाच.

तुर्कूहून आठ नंबरच्या महामार्गाने राउमा ओलांडायचं आणि मग समुद्राच्या दिशेने वळायचं. एकूण सव्वाशे किलोमीटरच्या आत. स्वतःची गाडी हवी. प्रवेश फुकट. नुसतं प्रदर्शन बघायचं तर तसंही बघता येतं, पण माहिती सांगणारं माणूस हवं असेल तर गट करून आधी कळवावं लागतं. आम्हा दोघांची नावं यार्डातल्या निवृत्त कामगारांच्या गटात घातली होती. अठरा फिनिश म्हातारे आणि आमचे अण्णा. ओळखपत्र बरोबर ठेवा, वेळा आधी बघून घ्या. बसमधून फिरवतात तेव्हा भट्टीच्या पोटात नेत नाहीत, हेही आधीच सांगून ठेवतो. बाहेरून बघायला मिळतात दोन जुन्या चौकोनी इमारती आणि तिसरी घुमटाची. घुमट दिसला तसे अण्णा बसमध्ये उभेच राहिले. "ही एक. आपल्याकडे अशा सहा?" म्हणाले. मी हो म्हटलं. ही एक १६०० मेगावॉटची. जैतापूरच्या सहा मिळून ९९०० मेगावॉटच्या, जगातल्या सगळ्यात मोठ्या अणुप्रकल्पांत मोडेल असा आकडा.

प्रदर्शनात युरेनियमपासून विजेपर्यंतचा सगळा प्रवास मांडलेला आहे, भट्टीची मॉडेलं आहेत. शाळेतल्या मुलांनाही कळेल इतकं सोपं. पण आमचा निम्मा वेळ एकाच वस्तूपाशी गेला: जळालेलं इंधन ज्यात घालून पुरायचं ते तांब्याचं पिंप. आत ओतीव लोखंडाचा गाभा, बाहेर पाच सेंटिमीटर जाडीचं तांबं, व्यास मीटरभर, लांबी जवळजवळ पाच मीटर. अण्णांनी बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं, नारळ वाजवून बघतात तसं. आमच्या मागीलदारी आजीच्या वेळचा तांब्याचा बंब आहे. दर दिवाळीला चिंच लावून तो घासायचं काम लहानपणापासून अण्णांचं. त्यांनी मला सांगितलं, "विचार तिला. तांब्याला कळंक चढतो. खाऱ्या हवेत तर आठ दिवसांत हिरवं पडतं. हे लाख वर्षं कसं टिकणार?"

मी प्रश्न इंग्रजीत केला. माहिती सांगणाऱ्या बाई साठीच्या असाव्यात. त्यांना प्रश्न आवडला असावा, कारण गट पुढे गेला तरी त्या आमच्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, कळंक चढायला हवेतला ऑक्सिजन लागतो. ओंकालो, म्हणजे ही पुरायची जागा, खडकात सव्वाचारशे-साडेचारशे मीटर खाली आहे आणि तिथल्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास नसतो. पिंपाभोवती बेंटोनाइट माती दाबून भरतात. पाणी लागलं की ती फुगते आणि फटी बुजवते. त्याभोवती जवळजवळ १९० कोटी वर्षं जुना खडक. मग त्यांनी न विचारता पुढचंही सांगितलं: स्टॉकहोमच्या केटीएच तंत्रविद्यापीठातल्या काही संशोधकांनी ऑक्सिजन नसलेल्या पाण्यातही तांबं गंजू शकतं असा दावा केला होता आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद झाला. आपल्या वस्तूविरुद्धचा मुद्दा स्वतःच्या तोंडाने सांगणारा माणूस मला पटकन विश्वासाचा वाटतो.

मला स्वतःला त्या पिंपाच्या झाकणापासून हलवत नव्हतं. पाच सेंटिमीटर तांबं जोडणं हे आमच्या धंद्यातलं फार अवघड काम. तांबं उष्णता इतक्या वेगाने पळवतं की नेहमीच्या पद्धतीने वितळवून जोडायला गेलं तर सांधा धड भरत नाही. इथे झाकण बसवतात ते फ्रिक्शन स्टर वेल्डिंगने. म्हणजे धातू वितळवायचाच नाही. फिरतं हत्यार सांध्यात दाबून पुढे सरकवायचं. घर्षणाने तांबं कणकेसारखं मऊ होतं आणि दोन्ही बाजू एकमेकींत मळल्या जातात. वितळणं नाही, त्यामुळे थंड होताना पडणारी छिद्रं नाहीत. मग अल्ट्रासॉनिकने आणि क्ष-किरणांनी तपासणी. मी अण्णांना हे सांगत होतो आणि ते म्हणाले, "म्हणजे भाकरीचं पीठ." बरोबर, अगदी तेच.

तपासणीवरूनच मुख्य गोष्टीकडे येतो, कारण या जागेचं खरं शिक्षण त्यात आहे.

फिनलंड हा अणुभट्ट्या विकत घेणारा देश. चालू असलेल्या पाचही भट्ट्या बाहेरच्या रचनेच्या. लोविसाच्या दोन भट्ट्या १९७७ आणि १९८० मध्ये सुरू झाल्या, त्या सोव्हिएत बनावटीच्या. ओल्किलुओटोच्या पहिल्या दोन स्वीडनच्या आसेआ-अॅटमकडून, १९७८ आणि १९८०. तिसरी फ्रान्सच्या अरेव्हा आणि जर्मनीच्या सीमेन्सकडून. म्हणजे पहिल्या चार तर शीतयुद्धाच्या ऐन काळात पूर्वेची आणि पश्चिमेची दुकानं पालथी घालून केलेली खरेदी. आणि घेतलं ते जसंच्या तसं घेतलं नाही. लोविसाला भट्टी सोव्हिएत असली तरी अपघातात वाफ थंड करणारी बर्फाची कोठारं अमेरिकन पद्धतीची लावली आणि नियंत्रणयंत्रणा पश्चिमेकडून घेतली. विकणारा महासत्ता होता, तरी विकत घेणारा हा छोटा देश ‘आम्हाला हे असंच हवं’ म्हणून अडून बसला.

तिसऱ्या भट्टीचं काम २००५ मध्ये सुरू झालं. २००९ मध्ये वीज मिळणार होती. मिळायला लागली २०२३ च्या एप्रिलमध्ये. चौदा वर्षं उशीर. बाईंनी हे अजिबात झाकलं नाही. उशिराची कारणं बरीच आहेत, पण सुरुवातीची काही माझ्या धंद्यातली आहेत. पायाच्या काँक्रीटची प्रत ठरल्याप्रमाणे निघाली नाही. घुमटाच्या आतल्या पोलादी अस्तराचे सांधे आणि भोकं चुकली. मुख्य शीतकरणाच्या नळ्या घडवून आणल्या तर त्यांच्या धातूचे कण फार मोठे निघाले. कण मोठे असले की अल्ट्रासॉनिकचा आवाज आतच विखुरतो आणि पुढे चाळीस-साठ वर्षं त्या नळीत भेग पडली की नाही हे बघताच येत नाही. नळी आज मजबूत असेलही, पण जी तपासता येत नाही ती नळी घ्यायची नाही. नळ्या पुन्हा घडवाव्या लागल्या. फिनलंडच्या किरणोत्सर्ग सुरक्षा संस्थेने, स्टुकने, २००६ मध्येच या सगळ्यावर चौकशी अहवाल काढला आणि तो लोकांसाठी खुला ठेवला. यार्डात माझ्या एका सहीमुळे जहाज दोन दिवस थांबलं तर माझ्यावर किती ताण येतो ते मला ठाऊक आहे. अब्जावधी युरोंच्या कामात ‘पुन्हा करा’ म्हणणारी जी कुणी माणसं तेव्हा होती, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आणि पैसे कुणाचे गेले? करार ठरावीक रकमेचा होता, सुमारे ३ अब्ज युरोंचा, भट्टी चालू करून हातात देण्याचा. खर्च त्याच्या कितीतरी पट वाढला. बोजा मुख्यतः विकणाऱ्यावर पडला. लवादात दोन्ही बाजूंनी एकमेकांवर दावे लावले आणि २०१८ च्या तडजोडीत अरेव्हाने ४५ कोटी युरो द्यायचं कबूल केलं. तोवर अरेव्हा इतकी खचली होती की फ्रेंच सरकारला तिला सावरून तिचे तुकडे करावे लागले, आणि भट्ट्यांचा धंदा ईडीएफ या फ्रेंच सरकारी वीज कंपनीकडे गेला. फिनलंडलाही झळ बसलीच. चौदा वर्षं ती वीज त्यांना दुसरीकडून आणावी लागली. पण मूळ करार लिहिताना कुणीतरी डोकं शाबूत ठेवलं होतं.

जैतापूरचं पाहा. २०१० च्या डिसेंबरमध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी आले असताना अरेव्हाशी करार झाला. अरेव्हा गेली, ईडीएफ आली. २०१८ मध्ये मॅक्रॉन आले तेव्हा नवा करार, २०२१ च्या एप्रिलमध्ये ईडीएफचा तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव. त्या प्रस्तावाप्रमाणे ईडीएफ रचना आणि यंत्रसामग्री देणार. पैसे गुंतवणार नाही, आणि बांधकामाची जबाबदारीही तिची नाही. ती आपल्या अणुऊर्जा महामंडळाची, म्हणजे शेवटी तुमची-माझी. ओल्किलुओटोत हात पोळल्यावर ठरावीक रकमेत कुणी भट्टी विकेल असं मला वाटत नाही. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुऊर्जेचं लक्ष्य सांगितलं, आणि २०१० च्या अणुदायित्व कायद्यात बदल करू असंही. २०२५ च्या अखेरीस नवा कायदा येईपर्यंत त्या कायद्यात अपघात झाला तर यंत्र पुरवणाऱ्याकडून वसुलीची वाट ठेवलेली होती, आणि नेमकी तीच विदेशी पुरवठादारांना खुपत होती. बांधकामाची जोखीम आपली, वर अपघाताची जोखीमही आपलीच, असं व्हायला माझा ठाम विरोध आहे. अणुविजेला माझा विरोध नाही. काकरापारला आपल्याच रचनेच्या ७०० मेगावॉटच्या दोन भट्ट्या चालू झाल्यात, भट्टीचे अवजड भाग वालचंदनगरसारख्या आपल्या कारखान्यांत घडतात. हे काम आपल्याला येतं. म्हणूनच बाहेरून घेताना गिऱ्हाइकाने गिऱ्हाइकासारखं ताठ राहावं, एवढंच म्हणणं.

विकणाऱ्याच्या हातात दोरी गेली की काय होतं हे महाराष्ट्राने दोनदा पाहिलंय. तारापूर १९६९ चं, अमेरिकन भट्ट्या, इंधनही अमेरिकेचं. १९७४ च्या पोखरणनंतर ते अडवलं गेलं आणि फ्रान्सकडे जावं लागलं. दुसरं आमच्याच जिल्ह्यातलं, दाभोळचं एन्रॉन. १९९९ मध्ये सुरू, २००१ मध्ये बंद, कारण ती महाग वीज घेणं राज्य वीज मंडळाला परवडेना. फिनलंडनेही असा चटका खाल्लाय. उत्तरेकडे प्युहायोकीला रशियाच्या रोसाटॉमची भट्टी येणार होती, जमीन साफ करून झाली होती. युक्रेनवर हल्ला झाला आणि २०२२ च्या मे महिन्यात करार मोडला. लोविसाचं जळालेलं इंधन पूर्वी परत रशियात जायचं. १९९४ मध्ये यांनी कायदा केला की आपला अणुकचरा बाहेर पाठवायचा नाही आणि दुसऱ्याचा घ्यायचा नाही. म्हणून ते इंधनही आता इथेच, त्या तांब्याच्या पिंपात पुरायचं.

अण्णांचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शेवटी आला. "गावाला विचारलं होतं?"

बाई म्हणाल्या, विचारावंच लागतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे ज्या नगरपालिकेच्या हद्दीत भट्टी किंवा कचऱ्याची जागा येणार, ती ‘नाही’ म्हणाली तर प्रकल्प तिथेच संपतो, सरकारही पुढे जाऊ शकत नाही. ओंकालोसाठी एउरायोकीच्या परिषदेत २००० साली मतदान झालं: २० बाजूने, ७ विरुद्ध. तिसऱ्या भट्टीचा निर्णय २००२ मध्ये संसदेत १०७ विरुद्ध ९२ असा झाला. कर नगरपालिकेला मिळतो, तोही भरपूर.

मी हे मराठीत सांगितलं. अण्णा काही बोलले नाहीत. २०१० च्या मे महिन्यात माडबनला जनसुनावणी झाली तेव्हा ते मांडवात होते. पर्यावरणाचा जाडजूड अहवाल गावात मराठीत वेळेवर मिळाला नाही, हे त्यांचं दुखणं आजही तसंच आहे. पुढच्या एप्रिलमध्ये नाट्याला प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांचा गोळीबार झाला, एक तरुण मच्छीमार गेला. २०१३ मध्ये सरकारने हेक्टरी साडेबावीस लाख जाहीर केले. आमच्या घरी त्यावरून दोन वर्षं काका आणि अण्णा एकमेकांशी बोलत नव्हते. वीस विरुद्ध सात. सात जण हरले, पण त्यांना मोजलं गेलं. अण्णांनी परतताना गाडीत हा आकडा दोनदा पुन्हा विचारून घेतला.

आता विजेच्या बिलाबद्दल, कारण ‘भट्टी आली तर वीज स्वस्त होते का’ हे मला गावाकडून सगळे विचारतात. २०२२ च्या शरदात रशियाची वीज आणि गॅस बंद झालेला, तिसऱ्या भट्टीच्या चाचण्या चालू, त्यात तिच्या पाणी पुरवणाऱ्या पंपांच्या पात्यांना भेगा सापडल्या आणि तारीख पुन्हा लांबली. इथे लोक तेव्हा भट्टीच्या बातम्या पावसाच्या अंदाजासारख्या बघत होते. घाबरून मी एका विक्रेत्याशी युनिटला ३१ सेंटने दोन वर्षांचा करार केला. फोनवरच्या माणसाने घाई केली आणि मध्येच करार मोडला तर दंड किती ते धड सांगितलं नाही. एप्रिलमध्ये भट्टी नियमित सुरू झाली आणि बाजारभाव धाडकन खाली आले. २०२२ मध्ये सरासरी युनिटला १५ सेंटच्या वर असलेला घाऊक भाव २०२३ मध्ये ६ सेंटच्या आत आला. मी मात्र ३१ सेंटच भरत राहिलो, ते फार जाचलं. दुसरी बाजूही सांगायला हवी. ५ जानेवारी २०२४ ला कडाक्याच्या थंडीत संध्याकाळी घाऊक भाव युनिटला जवळजवळ १ युरो ९० सेंटवर गेला. बाजारभावाची वीज घेणारा माझा सहकारी त्या रात्री लाकडं जाळून बसला होता, आणि तेव्हा भट्टी चालू होती. भाव उतरण्यात हवामान, पाणी, पवनचक्क्या, गॅस यांचाही वाटा आहे. तरी देशाच्या साधारण १४ टक्के वीज एकटी तिसरी भट्टी देते आणि त्याचा फरक घरातल्या बिलात दिसला, हे मी स्वतःच्या कागदांवरून सांगतो.

प्रदर्शन संपल्यावर आम्ही किनाऱ्याच्या खडकावर डबा उघडला. घावन आणि लसणाची चटणी. बाजूच्या रानात ब्लूबेरी पिकल्या होत्या. इथे रानातलं फळ कुणीही तोडावं अशी रीत आहे. अण्णांनी ओंजळभर तोडल्या आणि करवंदांपेक्षा सपक ठरवल्या. बेटावर भट्टीच्या कोमट पाण्याने ऊब दिलेला झिल्गा जातीच्या द्राक्षांचा छोटा मळा आहे, या अक्षांशावर उघड्यावर द्राक्षं म्हणजे अप्रूपच. पण अण्णांचं लक्ष वेलींपेक्षा त्या पाण्याकडे. एकटी तिसरी भट्टी सेकंदाला पन्नास घनमीटरहून जास्त समुद्राचं पाणी घेते आणि दहा-बारा अंशांनी तापवून परत सोडते. सगळा समुद्र गोठतो तेव्हाही तोंडापाशी पाणी मोकळं राहतं.

संध्याकाळी त्यांनी साखरीनाट्यातल्या आपल्या मित्राला व्हिडिओ कॉल लावला. त्या मित्राची स्वतःची होडी आहे. अण्णांनी पिंप सांगितलं, वीस-सात सांगितलं, कोमट पाणी सांगितलं. पलीकडून त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "मासे किती लांब सरकले, विचारलंस?"

ते विचारायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी चहाच्या आधी मला लॅपटॉप उघडायला लावला आणि ई-मेल शब्द न् शब्द सांगून लिहून घेतला: बर्फ नसलेला पट्टा किती मैल, जाळी पूर्वी कुठे लागायची, आता कुठे लागते, आणि ते कोण मोजतं. गेल्या सोमवारी पाठवलाय. उत्तर आलं की इथेच खाली जोडेन.